घरची हळद

फाल्गुनातला रविवार. पेडगावला धाकट्या भावाच्या शेतातला आखाडा, म्हणजे शेतातलं घर. हजर: भाऊ, भावजय, फार्मसी शिकणारी माझी मुलगी आणि मी.

बाहेर मोठ्या कुकरमध्ये हळद शिजत होती. चहा होईपर्यंत भाऊ दोनदा उठून मागे संडासला जाऊन आला. त्याला मोठ्या आतड्याच्या सुजेचा जुना आजार. गोळ्यांवर मात्र नीट होता. मला बसवेना. चुलीपाशी जाऊन मी भावजयीला विचारलं, "परत रक्त पडायलंय का?"

"लय पडायलंय, आक्का. गोळ्या बंद केल्यात. दोन्ही टायमाला दुधात हळद घ्यायलेत."

मी तशीच बाहेर येऊन त्याला झापलं. भावानं कपाळाला आठ्या घातल्या. "मला कशाला झापायलीस? तुझ्याच पोरीनं फोनवर सांगितलं, हळदीनं आतड्याची सूज उतरती."

मुलीचा चेहरा उतरला. "मामा, मी उंदरांवरच्या प्रयोगांचं सांगत होते!"

"त्यांना विकतची दिली असंल. ही घरची हाय."

भावजय पदराआड हसली. मुलगी हसली नाही. तिनं त्याला नीट समजावलं: हळदीतला एक घटक वेगळा काढून त्याच्यावर अभ्यास चाललाय. चमचाभर हळदीत तो थोडाच असतो, त्यातलाही अंगाला फारसा लागत नाही. माणसांना देऊन पाहतात तेही बहुतेक गोळ्यांच्या जोडीला, गोळ्या सोडून नाही.

"म्हंजी माझ्या हळदीत दम न्हाई म्हन की."

"हळदीत आहे मामा, तुमच्यात राहिला नाही. आरशात बघा."

मी विचारलं, "डॉक्टरांना सांगितलंस?"

"ते वरडतेत. हळद वाळू दे, मग जातो."

शिजवणं, वाळवणं, पॉलिश, मग बाजार. तोवर हा उभा तरी राहील का? त्याला आजच डॉक्टरकडे न्यायचं म्हणून भावजयीनं त्याचे कपडे, जुने रिपोर्ट पिशवीत भरून माझ्या गाडीत ठेवले. मुलगी मागच्या सीटवर जाऊन बसली. मी दार उघडून हाका मारत राहिले.

"ह्यो एक घान उतरू दे," तो कुकरपाशी उभा राहून म्हणाला. तो घान उतरला, दुसरा चढला.

शेवटी त्याची पिशवी घेऊन आम्ही दोघीच परत आलो. पिशवी अजून माझ्या डिकीत आहे. त्याला डॉक्टरकडे न्यायचं राहिलंय.