हळद लावलेली हाफपँट

परवा ट्रंकेतली जुनी हाफपँट बाहेर काढली आणि कातड्याचा वास घरभर झाला. ती घेतली तेव्हा मी धुळ्याला देवी टोचण्याच्या नोकरीत होतो, खेडोपाडी सायकलवर हिंडून मांड्या सोलून निघायच्या. शिंप्यानं एक तयार हाफपँट दाखवली, जाड ड्रिलची, बैठकीला आतून मऊ कातडं लावलेली. शिवायला टाकणारा न्यायला आलाच नव्हता. "महाग शे भाऊ, पण बठ्ठी जिनगी टिकी. कोरी शे, अजून कोनी घालेल नही." कुणाची म्हणून विचारलं, तर तो खाली मान घालून मशीन चालवत राहिला. हो-नाही करत घेतली. नवं कापड अंगावर चढण्याआधी त्याला हळदीचं बोट लावायची आमच्याकडे रीत. बायकोनं कमरेची पट्टी उलटली आणि थबकली. "अहो, इथं आधीच कुणीतरी हळद लावलीय." मी हसलो. तिनं त्या डागाशेजारी आपलं बोट टेकवलं. थंडीची सकाळ होती, सायकलची सीट दवानं गारठलेली. मी टांग मारून बसलो तर खालचं कातडं ऊबदार लागलं, जणू कुणी आत्ताच तिथून उठून गेलं होतं. त्या दिवशी पांझरा नदीच्या काठच्या दगडगोट्यांतूनही कुठं दुखलं म्हणून नाही. पुढं वर्षानुवर्षं वापरली, एक शिवण उसवली नाही, तेव्हा महाग पडली असं काही म्हणवत नाही. बायकोनं लावलेली हळद पहिल्याच धुण्यात गेली. आता बायकोही नाही. परवा मी शेजारच्या त्या आधीच्या डागावर बोट फिरवलं. बोट पिवळं झालं.