कापसाच्या भिंती

आई गेल्यावर बाबा अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला राहायला आले, तेव्हा सोबत कपड्यांची एक बॅग आणि त्यांचा जुना रेकॉर्डप्लेयर एवढंच सामान होतं. बोलणं त्याहून कमी आणलं होतं. आठवडाभर ते आपल्या खोलीत असत. रविवारी सकाळी चहा झाला की मात्र हॉलमध्ये येऊन बसत, मी रेकॉर्ड लावत असे, आणि तेवढा वेळ आम्ही बापलेक एका खोलीत असायचो. मला तो रविवार फार जपायचा होता.

मग ते रेकॉर्ड संपायच्या आधीच उठून जायला लागले. विचारलं तर म्हणाले, तुझ्या स्पीकरच्या डब्यांचा आवाज बसला.

मला विजेचं ज्ञान बटण दाबलं की दिवा लागतो इथपर्यंतच. पण मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले आणि मी घरातला ध्वनितज्ज्ञ झालो. आधी स्पीकर शोकेसमधून बाहेर काढले. त्यांच्यावर बायकोने विणलेली झालरीची झाकणं होती. ती उतरवताना स्पीकरपेक्षा मीच जास्त ओशाळलो. जुन्या वायरी टाकून जाड वायरी आणल्या. स्पीकरखाली दगडी फरशीचे तुकडे ठेवले. कूलरची घरघर गाण्यात येते म्हणून ऐन मे महिन्यात कूलर बंद करून बसलो. गाणाऱ्याला तपश्चर्या लागते असं म्हणतात. ऐकणाऱ्यालाही लागते, हे वऱ्हाडात मे महिन्यात कळतं.

बाबा घाम पुसत थोडं ऐकायचे आणि उठायचे.

पुढच्या व्हिडिओत सांगितलं होतं की उघड्या भिंतींवर आवाज आपटतो, त्यांना काहीतरी मऊ लावा. हे मी जेवताना सहज बोललो आणि कितीतरी महिन्यांनी बाबांचा चेहरा उजळला. त्यांची सगळी नोकरी अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत, सरकी काढणाऱ्या यंत्रांवर गेली होती.

"कापूस लावू ना मंग," ते म्हणाले. "कापसाच्या मुलखात राहून काय इचारून राहिला?"

आमच्याकडे कापूस हा सगळ्यावर उपाय. भाजलं, कापूस. कान दुखला, कापूस. आम्ही दोघं अकोल्याला गेलो. बाबांनी दुकानात कापूस चिमटीत धरून ओढून पाहिला, दोन ढीग नाकारले, दुकानदाराला चार गोष्टी सुनावल्या, आणि समोर उभं राहून पातळ गाद्या भरून घेतल्या. परतताना गाद्या गाडीच्या टपावर आणि बाबा माझ्या शेजारी. मूर्तिजापूर येईपर्यंत ते धाग्याच्या लांबीबद्दल बोलत होते. आई गेल्यापासून त्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

हॉलच्या तीन भिंतींवर गाद्या टांगल्या. बायको दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, घरात माणसांना धड गादी नाही आणि इथं भिंती झोपल्यात. पाहुणे आले की कुणाचं डोकं फिरलं म्हणून सांगायचं तेवढं ठरवून ठेवा.

पण आवाज सुधारला होता. ढोलकीचा ठोका गोल झाला होता. त्या रविवारी मी बाबांच्या आवडीची जुनी भजनाची रेकॉर्ड लावली. प्रत्येक कडव्याच्या शेवटी त्यात अगदी बारीक घुंगरू वाजतात. लहानपणी ते मला बाबांनीच दाखवले होते. तोवर मला नुसती ढोलकी ऐकू यायची. कडवं संपलं, आणि मी मोठ्या अभिमानाने म्हणालो, "बाबा, घुंगरू कसे स्वच्छ आले पहा."

बाबा माझ्याकडे वळले.

"कोनते घुंगरं?"

मी सुई उचलून पुन्हा मागे ठेवली. कडवं संपलं. त्यांनी माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं.

"आता वाजले काय?"

"हो."

रेकॉर्ड पुढे चालू होती. बाबा उठले नाहीत. शेवटपर्यंत बसले, मग खोलीत गेले.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की यंत्रांच्या आवाजात आयुष्य गेलं की बारीक, उंच आवाज सर्वांत आधी जातात. आणि मऊ कापूस नेमके तेच आवाज आधी पितो, हे मी नंतर वाचलं. म्हणजे जे थोडं उरलं होतं, ते आम्ही दोघांनी अकोल्याहून कापूस निवडून आणून बुजवलं होतं. कानात घालायचं यंत्र घेतलं. त्याने बोलणं बरं ऐकू येई. भजन लावलं की मात्र टिनावर गारा पडल्यासारखं वाटतं, असं बाबा सांगत. रविवारी ते हॉलमध्ये यायचे बंद झाले.

मी गाद्या काढल्या. बारीक आवाज वाढवणारं ट्रेबलचं बटण पूर्ण फिरवलं आणि भजन लावलं. गाणाऱ्या बाई स्टीलच्या भांड्यांच्या मांडणीत उभ्या राहून गातायत असं वाटू लागलं. बायको स्वयंपाकघराचं दार लोटून आत गेली. थोड्या वेळाने बाबा बाहेर आले.

"हे काय करून ठेवलं?"

"तुम्हाला ऐकू यावं म्हणून."

"मले येत नाही ते नाही. तू गाणं काहून नासवतं?"

त्यांनी स्वतः बटण मागे फिरवलं, कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं आणि आपल्या जागेवर बसले.

"लाव पह्यल्यापासून. आन् घुंगरं आले की बोट दाखव."

मी सुई ठेवली. कडवं संपत आलं. मी बोट उचललं तेव्हा बाबांची मान आधीच हलून गेली होती. त्यांना जागा पाठ होती. आता माझं काय काम, असं वाटून दुसऱ्या कडव्याला मी हात मांडीवरच ठेवला. घुंगरू वाजून गेले. बाबांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"दाखव म्हटलं ना तुले."

तिसऱ्या कडव्याला मी बोट वर केलं.