खाणाऱ्याच्या हातात माळ नाही

"काढ ती माळ."

"नाय काढनार सर."

"मग संघाबाहेर बस."

वैष्णवी खरंच उठली, मैदानाच्या कडेला गेली आणि चपला घालून घरी निघाली. जिल्ह्याच्या कबड्डी स्पर्धा तोंडावर आल्या होत्या, आणि माझी सगळ्यात भारी चढाईपटू चालती झाली होती.

मी शहापूर तालुक्यातल्या शेणव्याजवळच्या एका शाळेत पीटी शिकवतो. कागदावर 'क्रीडाशिक्षक', पण पोरं 'पीटीचे सर'च म्हणतात. गळ्यात काही घालायचं नाही हा नियम माझाच. आदल्या वर्षी एका मुलाची चेन पकडीत अडकली आणि मानेवर चांगला वळ उठला होता. चढाई म्हणजे एकटीने समोरच्या हद्दीत घुसायचं, कुणाला तरी शिवायचं आणि दम न सोडता परत यायचं. तिकडच्या सात जणी तिला धरायला टपलेल्या असतात. हात कंबरेला पडेल, पायाला पडेल, नाहीतर गळ्याला. गळ्यात दोरा असला तर तो आवळला जातो. तुटला तर मणी मैदानभर होतात आणि अनवाणी पायाखाली येतात. पंच म्हणजे अंपायर, ते सामन्याआधी नखंसुद्धा तपासतात. म्हणून मी सकाळच्या प्रार्थनेलाच सगळ्यांचे गळे बघायचो. वर्गात काय नि मैदानात काय, नियम एक.

वैष्णवी नववीतली. वडील शेती सांभाळून वाशिंदला कंपनीत जातात, गावच्या भजनात पखवाज वाजवतात. उन्हाळ्यात तिने माळ घेतली. माळ घेतली म्हणजे तुळशीची बारीक मण्यांची माळ गळ्यात आली आणि मासे-मटण सुटलं. आमच्याकडे अशांना माळकरी म्हणतात. एवढं मलाही माहीत होतं. त्यापुढचं माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही.

ती घरी गेली असं मला वाटलं. ती गेली निमसे मॅडमकडे.

निमसे मॅडम विज्ञान शिकवतात. मुरबाडकडच्या, दोन वर्षांपूर्वी आल्या. आल्यापासून मधल्या सुट्टीत पोरींचा गराडा मॅडमभोवती. कुणाला घरी बोलणी बसली, सांगा मॅडमना. कुणाचं पोट दुखतंय, मॅडमना. अहो, पायात मुरगळ आली तरी मॅडमना! मुरगळ हे माझं खातं आहे हो. वीस-बावीस वर्षं या पोरींचे घोटे मी बांधतोय. मला राग येत होता, खोटं कशाला बोलू? साधा राग नव्हे, जळफळाट होत होता.

दुसऱ्या दिवशी हेडसरांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडमचं म्हणणं आहे, माळ घालू द्यावी," हेडसर म्हणाले. "मी म्हणतो, आज माळ, उद्या कडं, परवा ताईत, क्रॉस. मग करायचं काय?"

"येऊ देत की सर," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "शर्टाच्या आत असलं तर वर्गात कुणाचं काय बिघडतं?"

"मैदानात बिघडतं," मी म्हणालो आणि वळाची गोष्ट सांगितली.

"मैदानातलं पटलं मला. पण गणिताच्या तासाला कोण कुणाची पकड करतंय, सर?"

हेडसर हसले. त्यांनी हसायला नको होतं. मी म्हणालो, "शिस्त ती शिस्त." ते माझं मलाही पोकळ वाटलं.

शेवटी ठरलं ते असं. श्रद्धेची एखादी वस्तू, कुठल्याही धर्माची असो, कपड्याच्या आत घालायला हरकत नाही. खेळाच्या तासाला मात्र सगळ्यांनी काढायची. नियम सुटसुटीत झाला. मला त्याचं काही वाटलं नसतं, पण तो मॅडमच्या तोंडून आला होता.

वैष्णवीच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते ड्युटीवरून थेट केबिनमध्ये आले. वैष्णवी आणि निमसे मॅडमही तिथे होत्या.

"सर, पोरीला खेळू नको असं आमचं म्हननं नाय," ते म्हणाले. "तिला खेळायची लई हौस. आमच्या बुवांना इचारलं मी. ते म्हनले, खेळापुरती काढा, पन रीत पाळा. माळ गळ्यात नसंल तवर अन्न नाय, पान्याचा थेंब नाय. परत घातली का मंग प्यायचं."

"पाणीसुद्धा नाही?" मी विचारलं.

"नाय. आनि माळ भुईवर ठेवायची नाय. पिशवीत कोंबायची नाय. मानसाच्या हातात द्यायची."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पोर हट्टी नव्हती. तासभर उन्हात खेळून पाणी प्यायचं नाही, याला ती घाबरली होती. तरी मार्ग होता. सामन्याचे दोन भाग असतात, मध्ये पाच मिनिटांचं मध्यंतर. मध्यंतराला माळ घालायची, पोटभर पाणी प्यायचं, माळ काढून पुन्हा मैदानात. मी एकदम खूश होऊन हात पुढे केला.

"काळजी सोडा. माळ माझ्याकडे देत जाईल. कोच मीच आहे."

वडिलांनी वैष्णवीकडे पाहिलं, वैष्णवीने जमिनीकडे.

"सर, राग मानू नका," ते चाचरत म्हणाले. "तुमी खाता ना?"

'खाता' म्हणजे मासे-मटण खाता. नाही कसं म्हणू? आठवडे बाजारात सुकटवालीसमोर कोण उभं असतं हे अख्ख्या गावाला ठाऊक. बोंबील निवडून घेण्यात माझा हात धरणारा या पट्ट्यात कुणी नाही.

"खानाऱ्याच्या हातात माळ देत नाय आमच्यात," ते म्हणाले.

"माझ्याकडे द्या," निमसे मॅडम म्हणाल्या. "मी खात नाही."

झालं!

त्या दिवसापासून सरावाला मॅडम मैदानाच्या कडेला हजर. धुतलेल्या रुमालात माळ घेऊन उभ्या. शिट्टी मी वाजवायचो आणि पोरी पळायच्या त्यांच्याकडे. वैष्णवी माळ घालणार, पाणी पिणार, बाकीच्या तिच्याभोवती खिदळणार. मी इकडे ग्लुकोजचा डबा घेऊन एकटा. संघात रुक्साना नावाची मुलगी होती, तिच्या गळ्यात ताईत. तिच्या ताइताला असली काही अट नव्हती. तो ती बिनधास्त माझ्या ट्रॅकसूटच्या खिशात टाकायची. तेवढाच मला आधार.

एक दिवस तर मॅडम म्हणाल्या, "वैष्णवी, डावीकडून शिर, तिकडची कोपऱ्यातली मुलगी कच्ची आहे." आणि पोरीने ऐकलं, आणि गुण मिळाला! मी वहिनीच्या माहेरी आल्यासारखा कोपऱ्यात उभा. हेच मी महिनाभर सांगत होतो, तेव्हा कानात बोळे होते का?

त्या संध्याकाळी मी घरी सांगितलं, "आजपासून मासे नको. मटणही नको."

बायकोने पोळीवरून हात काढला. "ताप आहे का?"

"नाही."

"मग?"

मी कारण सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे त्या निमसे मॅडमपायी?"

"मॅडमपायी नव्हे, माळेपायी!"

"माझी आई दहा वेळा म्हणाली, श्रावण तरी पाळा. तेव्हा नाही सुटलं," ती म्हणाली आणि भांडी आपटत आत गेली. पुढे दोन दिवस मला फक्त डाळ आणि भात मिळाला. म्हणजे जळणारा मी एकटाच नव्हतो.

जिल्ह्याचे सामने मुरबाडला होते. नेमकं त्याच दिवशी मॅडमना शहापूरला ट्रेनिंग निघालं. वाईट वाटल्याचा चेहरा करायला मला बराच त्रास झाला. गाडी निघायच्या आधी टपरीवर पोटाला आधार केला, पोरींना केळी वाटली आणि गाडीत वैष्णवीच्या शेजारी जाऊन बसलो.

"आज माळ माझ्याकडे दे. मी मासे-मटण सोडलंय. कधीचंच."

तिने माझ्याकडे पाहिलं. "बरं सर," म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

उपांत्य फेरीत समोर मुरबाडचाच एक संघ आला. पंचांनी नखं बघितली, गळे बघितले. रुक्सानाचा ताईत माझ्या खिशात पडला. वैष्णवीने माळ काढली. मी ओंजळ पुढे केली. ती माझ्या समोरून सरळ पलीकडे गेली.

पलीकडे म्हणजे कुठे? तर मुरबाडच्या संघाच्या बाकाशी! त्यांचे सर वयस्कर, पिकल्या मिशांचे, गळ्यात ठसठशीत तुळशीची माळ. तिने त्यांना काहीतरी सांगितलं, त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि आमच्या पोरीची माळ त्यांच्या मुठीत गेली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मॅडम परवडल्या, निदान आमच्या शाळेच्या तरी होत्या! इथे ज्याला हरवायचं त्याच्या हातात देव. मी काय पाप केलं होतं? ताटातला बोंबील सोडला होता मी!

मध्यंतराला आम्ही चार गुणांनी मागे होतो. वैष्णवी धापा टाकत त्यांच्या बाकाशी गेली, माळ घातली आणि त्यांच्याच बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली. तेवढ्यात पंच धावत आले.

"हे काय चाललंय? तुमची खेळाडू त्यांच्याकडे कशी? असं चालणार नाही. पुन्हा गेली तर कार्ड दाखवीन."

खरं सांगू? क्षणभर वाटलं, दाखवा. पण ती घाबरून तिथेच उभी राहिली होती. हात गळ्याशी, तोंड उतरलेलं. कार्ड मिळालं असतं तर दुसऱ्या भागात ती जीव तोडून खेळली नसती. घरी वडिलांना काय सांगितलं असतं कोण जाणे.

"माळ काढल्यावर ती पाणी पीत नाही साहेब," मी म्हणालो. "माळ खाणाऱ्याकडे देत नाहीत. आमच्याकडे आज तसं कुणी नाही, त्यांच्याकडे आहे. तुम्हीच काढायला लावलीत, तर ठेवायची कुठे तेही सांगा."

"आनि मी कानात काय सांगत नाय तिला," मिशीवाले सर म्हणाले. "पोरीनं भरवशानं दिली, मी नाय कसा म्हनू?"

पंचांनी घड्याळाकडे बघितलं. "लवकर आटपा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या भागात वैष्णवीने मैदान हलवलं. शेवटच्या चढाईत दोघींना शिवून परत आली आणि आम्ही एका गुणाने जिंकलो. ज्या माणसाच्या मुठीत तिची माळ होती, त्याच्याच संघाला तिने घरी पाठवलं होतं. त्यांनी माळ परत दिली, डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "पोर भारी हाय तुमची." मला ते 'तुमची' फार गोड लागलं.

अंतिम सामन्यालाही माळ त्यांच्याकडेच राहिली. तोही आम्ही जिंकलो. परतताना गाडीत मला राहवेना.

"वैष्णवी, मी सोडलंय म्हणून सांगितलं होतं ना? मग?"

"सर, सकाळी टपरीवर तुमी काय खाल्लात?"

"भुर्जीपाव."

तिने माझ्या हातांकडे बघितलं.

"अगं, अंडं कुठे मासे-मटणात येतं?"

"आमच्यात धरतात सर," ती हळूच म्हणाली. "तुमच्या हाताला वास येत व्हता."

गाडीतल्या सगळ्या पोरी खिडकीकडे तोंड करून हसत होत्या. रुक्साना तर सीटखाली जायची बाकी होती.

अंडंही सुटलं. बायकोने आता विचारणंच सोडलं होतं.

पुढच्या, विभागाच्या फेरीला निमसे मॅडम आल्या. धुतलेला रुमाल घेऊन आल्या. वैष्णवीने माळ काढली आणि आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"सर, अंडं?"

"नाही."

"हेडसरांच्या वाढदिवसाचा केक?"

"बिनअंड्याचा होता. विचारून खाल्ला."

"शप्पथ?"

"शप्पथ गो!"

तिने माझा हात उलटसुलट करून बघितला, वास घेतला आणि माळ माझ्या तळहातावर ठेवली. मॅडमनी रुमालाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. हसल्या, पण ओठांनीच. त्या फेरीत आम्ही हरलो. खूप मोठ्या फरकाने हरलो. हेडसर म्हणाले, सर, हरूनही तुम्ही एवढे खूश कसे?

आता या भागातल्या एक-दोन शाळा आमचा नियम विचारायला येतात. मी सांगतो, वर्गात घालू द्या, मैदानात काढायला लावा. पण काढायला लावण्याआधी त्या पोराला विचारा, काढल्यावर तुझं काय अडतं. आणि वस्तू कुणाच्या हातात द्यायची, ते त्यालाच ठरवू द्या.

वैष्णवी यंदा दहावीत आहे, अजून एक मोसम खेळेल. आणि मॅडमची बदली झालेली नाही. त्यामुळे बोंबील बंदच आहेत.