अण्णांना चाकू पसंत पडेना

निजामाच्या मुलखात चाकूची खरी पारख असलेला एकच माणूस होता, आणि त्या माणसाजवळ चाकू नव्हता. हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो, कारण चिटगुप्प्यात मास्तर असताना तीन वर्षे मी त्यांच्याच घरी भाड्याने राहिलो. ते माझे घरमालक. सगळा गाव त्यांना अण्णा म्हणत असे, म्हणून मीही अण्णाच म्हणू लागलो. मुडबीच्या एका शेतकऱ्याचा मी मुलगा. आमच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला पहिला मीच आणि बी. ए. झालेलाही पहिला मीच. एकट्या जिवाला खोली द्यायला त्या गावात कुणी तयार नव्हते. अण्णांनी मला दारात उभे करून खालपासून वरपर्यंत पाहिले आणि विचारले, "मास्तर, तुमी झोपेत बोलताव का?" मी नाही म्हणालो. त्यांचा चेहरा थोडा पडला. "न्हाई तर न्हाई. या आत. तेवढंच घरात कुणाचं तरी बोलणं झालं असतं."

अण्णांची बायको वारून बरीच वर्षे झाली होती. दोन मुली होत्या, एक औरादकडे दिलेली आणि दुसरी आळंदकडे. शेत वाट्याने दिलेले होते. त्यामुळे अण्णांना दिवसभर काम असे ते फक्त स्वतःपुरत्या दोन भाकऱ्या थापण्याचे. भाकरी मात्र अशी गोल आणि पातळ करत की बघत राहावे. मी शाळेतून यायचो तेव्हा ते ओट्यावर बसलेले असत. मी अभ्यासू स्वभावाचा, वह्या तपासायच्या म्हणून लगेच खोलीत शिरायचो. आता वाटते, दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसायला काय झाले होते? पण तेव्हा वह्या फार महत्त्वाच्या वाटत. मला जेव्हा महिनाभर ताप आला तेव्हा याच माणसाने माझ्या उशाशी बसून मला ज्वारीची आंबील चमच्याने पाजली आणि मला ताप आहे याचा त्यांना चोरटा आनंदही झाला असावा, कारण त्या महिन्यात मला पळून जाता येत नव्हते. त्यांनी मला आपल्या आयुष्यातल्या सगळ्या बैलांची हकिगत रंग, शिंगे आणि स्वभावासह सांगितली.

आठवड्याचे सहा दिवस अण्णा इतके कमी बोलत की सातव्या दिवशी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, त्यांचा आवाज बसलेला असे. त्या दिवशी सकाळी ते कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या करत. मग धुतलेले धोतर, इस्त्री केल्यासारखी घडी मोडलेली बंडी आणि डोक्याला पटका, असा थाट करून ते निघत. मी एकदा विचारले, "अण्णा, कुठं निघालात?" तर जणू मी सूर्य कुठे उगवतो असे विचारले होते. म्हणाले, "चाकू घ्यायला."

बाजारपेठेच्या कमानीजवळ एक म्हातारे दुकानदार बसत. कुलपे, कंगवे, आरसे आणि मुख्य म्हणजे घडीचे चाकू विकत. गाव त्यांना चाचा म्हणे, अण्णा एकटे मियाँ म्हणत. अण्णा दुकानाच्या फळीच्या डाव्या टोकाला बसत. ती जागा घासून गुळगुळीत झाली होती. बसल्या बसल्या पहिले वाक्य ठरलेले: "काय मियाँ, आज माल झोपल्यावानी दिसायलाय." चाचा मान वर न करता म्हणत, "माल जागा है अण्णा, गिराइक सो रा है." मग चाकूंचा ट्रे पुढे येई आणि काम सुरू होई.

अण्णांची चाकू निवडायची पद्धत कुणी मुलगी बघतानाही वापरत नसेल. ते आधी चाकू मिटलेलाच तळहातावर ठेवून डोळे मिटत आणि वजन घेत. मग तो कानाशी नेऊन उघडत. आतल्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, एकच आवाज यायला हवा. दोन आवाज आले की "लबाड हाय" म्हणून तो बाजूला. मग पाते उन्हात धरून त्यात आपली मिशी दिसते का ते पाहत. मग चाकू बंडीच्या खिशात टाकून पेठेच्या कमानीपर्यंत जाऊन परत येत, खिसा कुठे लोंबतो का, चालताना मांडीला लागतो का हे बघायला. चाचा त्यांना खिशात माल घालून खुशाल जाऊ देत. एवढे झाल्यावर एक पेरू चिरून निम्मा चाचांना, निम्मा स्वतः, आणि पेरू खाऊन होईपर्यंत निकाल राखून ठेवलेला. निकाल नेहमी एकच. पसंत नाही.

आणि दुसऱ्यांसाठी? दुसऱ्यांसाठी हा माणूस डोळ्याचे पाते लवायच्या आत चाकू निवडी. आसपासच्या खेड्यांतले लोक चाचांकडे येत ते अण्णा बसलेत हे बघून. तहसिलीतले एक कारकून बोरू तासायला चाकू मागायला आले, तर अण्णांनी त्यांना बोटाएवढ्या पात्याचा चाकू काढून दिला. "तुमी घाईचे माणूस. लांब पातं दिलं तर बोरूबरोबर बोट बी तासून घेताल." पानमळेवाल्याला बाकदार, सोनाराला पातळ, नव्या नवरदेवाला पितळी मुठीचा. आमच्या शाळेच्या हेडमास्तरांसाठी मी एकदा चाकू घ्यायला गेलो तर अण्णांनी ट्रेवर हातच ठेवला. "रागीट माणसाला चाकू द्यायचा नसतो मास्तर. त्येनला कंगवा न्या." मी कंगवा नेला. हेडमास्तरांच्या डोक्यावर केस बेताचेच होते, पण ते सांगायला नको. माझ्यासाठी त्यांनी कडी असलेला चाकू निवडला आणि करदोट्याला बांधायला लावला, कारण त्यांच्या मते मी वस्तू हरवणारा माणूस होतो. हैदराबादेहून उर्दूत बी. ए. होऊन आलेला मी कमरेला चाकू बांधून शाळेत जात असे. तो आजवर हरवला नाही.

त्या ट्रेमध्ये एक शिसवी मुठीचा चाकू होता. चार बोटे पाते, दोन पितळी खिळे. दर बाजारी अण्णांचा हात शेवटी त्याच्याकडे वळे आणि दर बाजारी त्यांना त्यात नवा दोष सापडे. उन्हाळ्यात म्हणत, मूठ तापते. थंडीत म्हणत, मूठ गार लागते. एकदा म्हणाले, "ह्यो पेरू चिरतो, पर मनापासून चिरत न्हाई." आणि एकदा बराच वेळ त्याच्याकडे बघून हळूच म्हणाले, "लई शाना दिसतो मियाँ. माझ्यासंगट ऱ्हायचा न्हाई." चाचांनी चाकू पुसून परत ट्रेमध्ये ठेवला, जरा आतल्या बाजूला.

इथे मी माझी चूक सांगतो. तापातून उठल्यावर अण्णांचे उपकार कसे फेडावेत याचा मी फार विचार करत होतो. पुस्तके वाचून परीक्षा पास झालेल्या माणसाला वाटते की प्रत्येक प्रश्नाला उत्तर असते आणि ते लिहिले की सुटलो. माझे उत्तर तयार होते. एका मधल्या दिवशी मी चाचांकडे गेलो आणि तो शिसवी मुठीचा चाकू मागितला. चाचांचा हात थबकला. "किसके वास्ते, मास्तर साब?" अण्णांना अचानक द्यायचा म्हणून मी सांगितले, धाकट्या भावासाठी. "ये नक्को. दुसरा लेव. इससे अच्छे हैं." त्यांनी चार चाकू काढून दाखवले. मला वाटले, हा म्हातारा चांगला माल बड्या गिऱ्हाइकासाठी दाबून ठेवतो. मी हट्टच धरला. त्यांनी तो कागदात बांधला तेव्हा माझ्याकडे बघितलेसुद्धा नाही.

अण्णा ओट्यावर बसले होते. मी चाकू पुढे केला तर त्यांनी हात मागे घेतला. आमच्याकडे चाकू कुणी हातात देत नाही आणि घेत नाही, भांडण होते म्हणतात. "खाली ठेवा मास्तर." मी खाली ठेवला. त्यांनी उचलला, कागद सोडला आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कामून एवढं केलाव?" मी म्हणालो, "तुम्ही माझ्यासाठी इतकं केलंत, अण्णा." ते हसले. "लई चांगला हाय," म्हणाले, "लई चांगला हाय." आणि बंडीच्या खिशात टाकला. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी गुळण्यांचा आवाज आला नाही. मी बाहेर येऊन बघितले तर अण्णा रोजच्या मळक्या धोतरात ओट्यावर बसलेले. "अण्णा, बाजार?"

"काय करू जाऊन? चाकू तर झाला."

"अहो, नुसतं बसायला जा. चाचा वाट बघत असतील."

"असं कसं मास्तर? खिशात चाकू घिऊन चाकूच्या दुकानात बसायचं? गिऱ्हाईक व्हतो तवर ठीक व्हतं. आता बसलो तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याला घरी कुणी न्हाई म्हणून दुसऱ्याची फळी अडवून बसायलाय."

माणसे समोरच्या रस्त्याने बाजाराला चालली होती. एकदोघांनी विचारले, "अण्णा, चला की." अण्णांनी प्रत्येकाला खिशातून चाकू काढून दाखवला आणि तो किती चांगला आहे ते सांगितले. दुपारी त्यांनी भाकरी केली ती एकीकडे जाड झाली. त्यानंतरचा बाजारही असाच गेला. मग ते ओट्यावर बसेनासे झाले. घरातच पडून राहत. मी आता वह्या बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसू लागलो, पण मला काय बोलावे ते सुचत नसे आणि ते माझ्या मेहनतीची कीव येऊन म्हणत, "जावा मास्तर, तुमचं काम पडलंय."

शेवटी मी चाचांकडे गेलो आणि सगळे खरे सांगितले. फळीचे डावे टोक रिकामे होते, तिथे त्यांनी कुलपांची पेटीही ठेवली नव्हती. ते म्हणाले, "ग्यारा बरस से वो चाकू मैं किसी गिराइक को दिया नै. तुमे भाई का नाम लिए, मैं क्या बोलता?" मी म्हणालो, "चाचा, एकच उपाय आहे. चाकू खराब निघाला म्हणा." त्यांनी माझ्याकडे असे बघितले की मी दोन पावले मागे सरलो. "मेरा माल? खराब? मेरे बाप के जमाने से ये बात इस दुकान में नै हुई. वो भी मेरे मूं से?" मी मान खाली घालून घरी आलो.

पुढच्या बाजारी, ऐन दुपारी, गर्दी भरात असताना चाचांनी दुकानावर फळ्या लावल्या आणि काठी टेकत आमच्या घरी आले. अकरा वर्षांत ते या दारात कधी आले नव्हते. अण्णा धडपडत उठले. चाचा बसलेसुद्धा नाहीत. भिंतीकडे बघत म्हणाले, "अण्णा, वो मास्तर का चाकू दिखाव. उसकी कमान में खोट है. माल खराब निकला."

अण्णांनी चाकू काढला. कानाशी नेला आणि उघडला. मी दाराशी उभा होतो, मलासुद्धा तो आवाज ऐकू आला. एकच, स्वच्छ. अण्णांनी मिटला, पुन्हा उघडला. पुन्हा तसाच. त्यांनी चाचांकडे पाहिले. चाचा अजून भिंतीकडेच बघत होते.

"व्हय मियाँ," अण्णा म्हणाले, "खोट हाय. मला पयल्याच दिवशी कळलं व्हतं. मास्तरला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाई." आणि त्यांनी चाकू जमिनीवर ठेवला. चाचांनी वाकून उचलला.

"दुसरा पसंत करो. चलो."

"असं लगीच कसं पसंत करू? बघावं लागंल." पण बोलता बोलता ते खुंटीवरचा पटका काढत होते.

वर्षभराने माझी गुलबर्ग्याला बदली झाली. माझी मोटार बाजाराच्या दिवशीच निघायची होती. अण्णांनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि फार अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "मोटारीपतुर आलो असतो मास्तर, पर मियाँकडं नवा माल आलाय." मी म्हणालो, "जा अण्णा, उशीर होईल." मला पोचवायला कुणी आले नाही.

गुलबर्ग्यात पहिले काही महिने माझी कुणाशी ओळख नव्हती. सुटीच्या दिवशी मी बाजारात एका छत्रीवाल्याकडे जाऊ लागलो. छत्र्या उघडून बघायचो, दांडा जरा जड आहे म्हणायचो, पुढच्या सुटीला पुन्हा जायचो. तिसऱ्या खेपेला दुकानदार म्हणाला, "घ्यायची असंल तर घ्या साहेब, न्हाई तर उगं उघडमिट करू नका." मी शरमून एक छत्री घेतली आणि खोलीवर आलो. छत्री मजबूत निघाली. अजून आहे.