उल्केच्या पाटीखालचा उपग्रह

आमच्या आकाशनिरीक्षण मंडळाच्या अध्यक्षांनी मला फसवलं, आणि प्रदर्शन पाहायला आलेल्या सगळ्यांनाही माझ्या नावावर फसवलं.

देवळीत माझं कापडाचं दुकान आहे. बाजारात चादर अंथरून बनियन विकण्यापासून सुरुवात केली. भाव सहजी सोडत नाही, पण टेरीकॉट सुती म्हणून आजवर कुणाच्या गळ्यात मारलेलं नाही. पन्नाशीत कॅमेरा घेतला आणि आकाशाचे फोटो काढायला लागलो. आकाशाशी घासाघीस चालत नाही, एवढंच त्यात वाईट.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी केळझरच्या बाजूला शेताच्या धुऱ्यावर कॅमेरा लावला आणि वीस-वीस सेकंदांचे फोटो घेत गेलो. एका फोटोत मृग नक्षत्राच्या वर पांढरी रेघ आली. पुढच्या फोटोत तीच रेघ, जिथे थांबली होती तिथून पुढे. उल्का क्षणात विझते. ती पुढच्या फोटोत हजेरी लावायला थांबत नाही. म्हणजे उपग्रहच. कोणता, एवढंच शोधायचं होतं. फोटोची वेळ, जागा आणि दिशा टाकली की तिथून कोणता उपग्रह गेला ते मोबाईलवर कळतं. माझ्या वेळेला तिथून एकही गेलेला नव्हता.

अध्यक्ष वर्ध्याचे, निवृत्त शिक्षक. मंडळाच्या प्रदर्शनात लावायला म्हणून फोटो त्यांना दाखवला. त्यांनी दोन मिनिटांत निकाल दिला, "उपग्रह नाही, म्हणजे उल्का!" मी पुढचा फोटो दाखवला. "त्यात कॅमेरा हलला असेल." बाकीचे तारे जागच्या जागी आणि रेघ तेवढी हलली! इतकं ज्ञान निवृत्तीनंतरही शिल्लक राहतं, याचं मला कौतुक वाटलं.

तिसऱ्या दिवशी दुकान बंद करताना माझी चूक मला सापडली. दुकानातलं घड्याळ मी दहा मिनिटं पुढे ठेवतो. पंधरा साड्या उलगडून "पाहतो अजून" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याच्याकडे बोट दाखवलं की सौदा लवकर मिटतो. कॅमेऱ्याची वेळ मी सवयीनं त्याच घड्याळावरून लावली होती. दहा मिनिटं वजा केली आणि एक जुना, बंद पडलेला उपग्रह दोन्ही फोटोंतल्या रेघेवर बरोबर बसला.

लगेच फोन केला.

"सर, उपग्रह सापडला. माह्यं घड्याळ पुढं होतं."

"शेठ, आता पाटी छापून झाली."

"मंग बदला ना."

"‘उल्का’पुढे प्रश्नचिन्ह टाकतो."

"फोटो उतरवा, नाईतर पाटी बदला. प्रश्नचिन्हावर मी सौदा करत नाई."

"अहो, उल्का म्हटलं की लोक थांबतात. मेलेल्या उपग्रहाले कोण पाह्यते?"

प्रदर्शनात पाटी तशीच होती. वर ‘उल्का’, खाली माझं नाव. प्रश्नचिन्हही नव्हतं, शाई संपली असावी.

सावंगीहून आलेली, डॉक्टरकी शिकणारी एक मुलगी फोटोसमोर बराच वेळ उभी होती. "काका, उल्का टोकाले बारीक होत जाते ना? ही तर इथून तिथून सारखी आहे, दोन्ही टोकं कापल्यासारखी. तुमच्या लक्षात नाई आलं?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारी उभे असलेले अध्यक्ष हसून म्हणाले, "दुकानदार आहेत ते. हौशी माणूस, समजून घ्या."

म्हणजे खोटी पाटी त्यांची आणि अडाणी मी. माझा आवाज चढला, पाटीही मी ओढून काढली. तेव्हापासून मंडळात चर्चा आहे ती माझ्या रागाची. रेघेबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

येत्या बैठकीत मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावणार आहे. त्या मुलीलाही बोलावलं आहे. सर, तिच्यासमोर आणि सगळ्यांसमोर उभं राहून एवढंच सांगा: उपग्रह आहे हे फोनवर ऐकल्यावरही तुम्ही माह्या नावावर उल्का काऊन खपवली?