चमच्याच्या दांड्याची मोटर

हां, तर काल अर्ध्या दाढीवर येऊन थांबलो होतो आपण. माझा उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर साबण वाळतोय, आणि आमचा न्हावी वस्तरा ठेवून पाना शोधतोय!

तो होताच तसा. वल्ह्यांच्या होडीला मागून अडकवायच्या जुन्या मोटरी गोळा करायचा. दुकानात आरशांपेक्षा मोटरी जास्त. नावाची पट्टी गळून पडलेली मोटर मिळाली की स्वारी खूश. टाकीवर टिचकी मारून पितळ की पत्रा ते ऐकायचा. वरच्या चाकाला दोरीची खाच आहे की हाताने फिरवायची मूठ, ते चाचपायचा. मूठ निघाली म्हणजे मोटर फार जुनी. मग गिऱ्हाईक गेलं उडत!

त्या दिवशी समोरची इस्त्रीवाली म्हातारी कात्रीला धार लावायला आली ती दारातच थबकली. तळं आटल्यावर गाळातून निघालेली एक मोटर न्हाव्याने नुकतीच टांगली होती. चाकाला मूठ असलेली. तसली एक मिळावी म्हणून बिचाऱ्याने जन्म घालवला होता.

"ही माझ्या बाबांची," म्हातारी म्हणाली. "होडी बुडाली तेव्हा गेलेली."

"मावशी, तळ्यात अशा छप्पन्न होत्या."

"असतील. पण मोटरीच्या पाण्यातल्या पंख्याची खीळ तुटली की बाबा आईच्या चमच्याचा दांडा कापून घालायचे. घरात धड चमचा राहिला नव्हता. आई म्हणायची, आता पंख्यानेच वाढते तुम्हाला!"

"चमचे कसले होते?"

"पितळी. दांड्यावर वेलबुट्टी."

न्हावी मोटरीकडे वळला. पंख्याचा नट गंजून बसलेला, त्यामुळे आतली खीळ त्याने पाहिलीच नव्हती. आत चमचा निघाला तर मोटर म्हातारीची, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. तरी याचा हात पान्याकडे!

"अरे, आधी माझा गाल तरी संपव."

"थांबा हो काका, गाल काय पळून जातोय?"

रॉकेल ओतलं, हलके ठोके मारले, पुन्हा रॉकेल. शेवटी नट कुरकुरत सुटला. काळी पडलेली खीळ बाहेर आली. ती त्याने माझ्याच गळ्यातल्या टॉवेलवर घासली. वेलीचं एवढंसं पान चमकलं.

म्हातारीने खीळ मुठीत धरली. न्हाव्याने मोटर उतरवून तिच्या हातगाडीवर, इस्त्रीच्या चादरींवर गाळासकट ठेवली. चादरींकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

त्याची बायको आतल्या दारातून सगळं बघत होती. "अहो, नट गंजलाच होता ना? तसाच राहू दिला असता तर कुणाला कळलं असतं?"

माझ्या डाव्या गालाला नव्याने साबण लावत तो म्हणाला, "कुणालाच नसतं कळलं. पण मग मलाही कळलं नसतं, त्याचं काय?"