टेलरताईंचे जुने गाभे

मंगळवार, ११ मार्च. सकाळी स्वच्छ ऊन. गॅसची नळी बदलून घेतली. साडेदहाला खालच्या टेलरताई वर आल्या, लॅपटॉप सुरू होत नाही म्हणाल्या. चष्मा आणि गेल्या वर्षीची डायरी घेऊन खाली गेले.

टेलरताईंचं दुकान आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्यालगतच्या खोलीत. दोन शिलाई मशिनं, कापायचं टेबल, आणि टेबलाच्या टोकाला जावयाच्या ऑफिसने मोडीत काढलेला लॅपटॉप. पूर्वी तो सुरू करून चहा टाकावा, पिऊन कप विसळावा, तरी पडदा काळाच. वाचनालयातल्या वर्गाला जाऊन ताईंनी त्यावर लिनक्स बसवलं. ही प्रणाली जगभरातली माणसं मिळून लिहितात, दुरुस्त करतात आणि कोणालाही वापरू देतात, हे त्यांना फार पटलं. "काकू, हिची आतली शिवण बघता येते," असं त्या मला म्हणाल्या होत्या. पुढे इमारतीतले सहा म्हातारे लॅपटॉप त्यांनी असेच उभे केले, माझा धरून. बदल्यात मागणी एकच: जुने कपडे टाकू नका, मला द्या. दुकानात चिंध्यांची चार पोती आहेत.

दर महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी त्या अपडेट करतात. त्या बोलतात, मी शेजारी बसून उतरवून घेते, कारण त्यांचं अक्षर दुसऱ्या दिवशी त्यांनाच लागत नाही. मिशनच्या शाळेत आमच्या सिस्टर म्हणायच्या, तारीख नसलेली नोंद म्हणजे अफवा. ती सवय अजून आहे. काल मात्र मी दातांच्या डॉक्टरांकडे होते आणि ताईंनी एकट्यानेच उरकलं.

आज पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या ओळी आल्या आणि तिथेच थिजल्या. आत बावीस परिचारिकांची मापं होती. रुग्णालयाचं काम ताईंना पहिल्यांदाच मिळालेलं, गणवेश शुक्रवारी द्यायचे. पेनड्राइव्हवरची नक्कल जानेवारीतली. ही मापं गेल्या आठवड्यातली.

जावई डबा द्यायला आले होते. "आई, फुकट मिळालेल्या गोष्टीची हमी कोण देणार?"

"तुमच्या सासऱ्यांची तरी कोणी दिली होती? चालले ना पस्तीस वर्षं."

"पुन्हा मापं घ्या मग."

"बावीस जणींना ड्यूटी सोडून बोलवू? पुढच्या वेळी दारात उभं करतील का मला?" एवढं बोलून त्या टेप गळ्यातून काढून पुन्हा गळ्यात घालत राहिल्या.

मी डायरीची पानं उलटत होते. सोमवार, ९ सप्टेंबर. मोठ्याने वाचलं: "सुरू होताना शिफ्टची कळ दाबून धरली की जुन्या गाभ्यांची यादी दिसते. नवा बिघडला तर जुना निवडावा." गाभा म्हणजे प्रणालीचा मूळ भाग, अपडेटबरोबर नवा येतो आणि जुना शेजारीच राहतो.

ताईंनी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला आणि कळ दाबून धरली. यादी आली. एकाखाली एक नऊ.

"नऊ?" जावई म्हणाले. "जुने आपोआप काढून टाकतं ना ते?"

"विचारलं होतं लॅपटॉपने. मी नको म्हटलं," ताई हळूच म्हणाल्या. "म्हटलं, लागतील कधीतरी."

त्या जुन्यांनीच जागा भरली आणि कालचा नवा गाभा अर्धाच उतरला. काल कसलीशी सूचनाही आली होती, असं ताई आता म्हणाल्या. त्यांनी ती न वाचताच बंद केली. मी असते तर लिहून घेतली असती.

यादीतला पहिला म्हणजे कालचाच बिघडलेला, म्हणून दुसरा निवडला. पंखा गुरगुरला, आणि नेहमीचा हिरवा पडदा आला. मापांची फाइल उघडली. मी नावं वाचली, ताईंनी बोटांवर मोजली. बावीस. जावयांनी न सांगता खुर्ची पुढे सरकवली, तेव्हा कुठे त्या बसल्या.

आधी पेनड्राइव्हवर नक्कल. मग आवराआवर.

"हा राहू दे, गेल्या पावसाळ्यात छान चालला होता."

"ताई, दोन पुरे," मी म्हटलं. "आत्ता ज्याने तारलं तो आणि त्याच्या आधीचा."

"तुम्ही म्हणता म्हणून, काकू." दर वेळी हात आखडत त्यांनी एकेक काढला. मग नवा गाभा पुन्हा उतरवला, नीट. बारा चाळीसला लॅपटॉप आपला आपण सुरू झाला.

"आता या पोत्यांचंही असंच करा," जावई म्हणाले.

"पोती अजून काही अडवत नाहीत, जावईबापू. तो डबा द्या इकडे, भूक लागली."

ताई जेवून उठल्या आणि मी वर आले, तेव्हा मागे कात्री चालू झाली होती.

आजची शेवटची नोंद: संध्याकाळी माझ्या माळ्यावरचे रिकामे डबे काढले. अकरा होते. दोन ठेवले.